केसातून फिरवलेली पट्टी

मी विमानाचे भाग तपासते असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मग विचारतो, कुठला भाग? क्लॅम्प, असं म्हटलं की तो पुन्हा पहिल्यासारखा बसतो. आमच्या गावी, निर्मळला, शेजारी एक म्हातारे बागायतदार राहतात. त्यांनी तर तोंडावरच विचारलं, "म्हणजे आमच्या पंपाच्या पाइपाला आवळतो तो?" मी हो म्हटलं. इतकी वर्षं या बाईला उगाच मान दिला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. विमानाच्या पोटात नळ्याच नळ्या असतात. इंधनाच्या, तेलाच्या, गरम हवेच्या, ब्रेकच्या. रबरी नळी जिथे धातूच्या पाइपावर चढते तिथे गळू नये म्हणून स्क्रूने आवळायचा क्लॅम्प लागतो, तोच शेजाऱ्यांच्या पंपावरचा, फक्त त्याची जात वेगळी आणि लाड जास्त. दुसरा एक क्लॅम्प असतो तो नळीला वाटेत धरून ठेवतो. पोलादाची पट्टी वळवून केलेलं कडं, आतून रबराचं अस्तर, आणि दोन्ही टोकं एकत्र आणून त्यांतून एकच बोल्ट. तो नसेल तर विमानाच्या थरथरीने नळी शेजारच्या पत्र्यावर घासत राहते आणि घासून घासून एक दिवस फाटते. कामणच्या बाजूला गोदामांच्या रांगेत आमची जी शेड आहे तिथे हे दोन्ही होतात. मला जे सांगायचं आहे ते या दुसऱ्या, रबराच्या अस्तराच्या कड्याबद्दल आहे.

अस्तर चढवायचं काम बायका करतात. मशीनने ते होत नाही असं नाही, पण आमच्याएवढ्या छोट्या कारखान्याला तसं मशीन परवडत नाही. रबराच्या तुकड्याला दोन्ही कडांनी आत खाच असते. पट्टीचं टोक त्या खाचेत घालायचं आणि रबर पुढे पुढे सरकवत न्यायचं. माझी वहिनी याला उशीला अभ्रा चढवणं म्हणते. फरक एवढाच की अभ्रा सैल असतो आणि हे रबर हट्टी. बोटं दुखतात. नवीन बाई पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येते आणि बऱ्याचजणी दुसऱ्या आठवड्यात येतच नाहीत.

वहिनी टिकली. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फुलं आणि केळी टेम्पोने मुंबईला पोचवायचा. एका सकाळी टेम्पो भरून झाला, त्याने पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत तो गेला. त्यांना मूल नव्हतं. घरात आई, वहिनी आणि मी, तीन बायका उरल्या. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं विचारणाऱ्यांना मी आजवर वेगवेगळी सांगत आले आहे आणि त्यातलं एकही खरं नाही.

भाऊ गेल्यावर गावात वहिनीचं नाव 'बिचारी' पडलं. चर्चमध्ये मिस्साला गेली की बायका तिचा हात हातात घेऊन मान हलवायच्या. भाजी घ्यायला गेली की भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकायची. त्या दोन मिरच्यांवर वहिनी जेवढी चिडायची तेवढी मी तिला कशावरच चिडलेली पाहिली नाही. एकदा ती म्हणाली, "मला तुझ्या शेडमधी घेऊन चल. तिकडं मला कोणी ओळखत नाही." घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर गावाबाहेरच्यांना निम्मी कळणार नाही, म्हणून इथे मी तिला थोडी विंचरून घेतली आहे.

मी मालकांना विचारलं. ते मुंबईत वाढलेले, बोलायला मोजके आणि इंजिनिअर असल्याचा त्यांना किंचित अभिमान. "नातेवाईक आहे म्हणून काम सैल तपासाल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उलट जास्त तपासेन, सर. घरी भांडायला विषय मिळेल." ते हसले नाहीत, पण वहिनीला टेबल मिळालं.

आणि वहिनीचा हात असा काही बसला की बाकीच्यांनी बघत राहावं. वर्षभरात ती शेडमधली सगळ्यात वेगवान बाई झाली. नवीन आलेल्यांना मालक तिच्याकडे बोट करून सांगायचे, "यांच्यासारखं." स्कूटरवर माझ्यामागे बसून परत येताना ती गप्प असायची, पण तो गप्पपणाच मुळी वेगळा, समाधानाचा होता. शेडमध्ये मला ती मॅडम म्हणायची आणि घरी पोचलो की गो. हा बदल बरोबर घराच्या फाटकाशी व्हायचा.

मग नवीन रबर आलं.

एका नव्या ग्राहकाला ब्रेकच्या नळ्यांसाठी कडी हवी होती. त्या नळ्यांत जो द्रव फिरतो तो साध्या रबराला खातो, म्हणून वेगळ्या जातीचं रबर. या जातीचा स्वभाव उलटा होता. त्या जहाल द्रवाला ते पुरून उरायचं, पण साध्या तेलाचा त्याला तिटकारा. जरा तेल लागलं की फुगायचं आणि भुसभुशीत व्हायचं. मालकांनी सगळ्यांना उभं करून हे सांगितलं. पातळ हातमोजे आले. टेबलं पुसायला वेगळी फडकी आली. या कामाला दोघींना बसवलं, वहिनीला आणि फुलपाड्याहून येणाऱ्या एका बाईला. ती चाळिशीच्या आतली, कामात नीट, बोलण्यात फटकळ. दोघींची तयार कडी एकाच ट्रेमध्ये पडायची आणि तिथून माझ्याकडे यायची.

मी ती तपासली. माप बरोबर, कडा बरोबर, रबर जागच्या जागी. मी पास केली आणि माल गेला.

काही आठवड्यांनी माल परत आला. सगळा नाही, पण ज्याने नाक कापलं जाईल इतका. कड्यांचं रबर एका टोकाला फुगलं होतं. बोटाने दाबलं तर शिळ्या घावनासारखं दबायचं आणि त्या टोकाकडून पट्टीवरून सुटून यायचं. विमानात अशी कडी बसली असती तर अस्तर निघून नळी उघड्या पोलादावर घासली असती. तसं झालं नव्हतं, ग्राहकाने बसवण्याआधीच पकडलं होतं. त्यांनी एवढंच कळवलं होतं की कारण शोधा, उपाय सांगा, तोपर्यंत पुढचा माल नको.

मालकांनी फुगलेलं टोक नाकाशी नेलं. काही वास येत नव्हता. "तेल," ते तरीही म्हणाले. "कुणाचे तरी हात."

दोघींपैकी एकीचे. आणि फुलपाड्याच्या बाईच्या पर्समध्ये हाताला लावायचं क्रीम होतं. ते सगळ्यांना माहीत होतं, कारण तिचे हात साबणाने फुटायचे आणि ती ते उघडपणे लावायची.

"सर, क्रीम मी फक्त लंचमध्ये लावते," ती म्हणाली. "नंतर हात धुते. हातमोजे पण घालते ना. मग?"

"हे सुटेपर्यंत घरी राहा," मालक म्हणाले. "काढलेलं नाही. घरी राहा."

"घरी काय सांगू? सुट्टी पडली?"

मालकांनी परत आलेला माल पुढे ओढला. तिने डबा उचलला आणि गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं त्या वेळी माझ्या मनात आलं असं मी म्हणणार नाही. मलाही ते क्रीमच वाटत होतं. त्या दिवशी परत येताना वहिनी मागून म्हणाली, "मी तिला सांगितलेलं, ते क्रीम टाक म्हणून." तिच्या आवाजात समाधान नव्हतं. पण सुटल्याची भावना होती, ती मला ऐकू आली.

अडचण अशी की ती बाई घरी बसल्यावरही कडी फुगत राहिली. आता आम्ही प्रत्येक ट्रेमधली काही कडी गरम पेटीत ठेवून बघत होतो. गरमीत रबराचं जे व्हायचं ते लवकर होतं. सगळी नाही फुगायची, मधूनच एखादी, पण फुगायची. आणि टेबलाशी आता एकटी वहिनी होती.

मालक खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसले. ती त्यांच्या देखत काम करत होती, तासन्‌तास. हातमोजे स्वच्छ, फडकं स्वच्छ. त्या दिवसातलं एकही कडं फुगलं नाही. ते उठून गेले की पुन्हा एखादं. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं जास्त तपासाल." मला राग आला होता, आणि तो मालकांचा नव्हता. वहिनी काहीतरी लपवते आहे असं मला वाटत होतं. रात्रीच्या जेवणाला मी तिच्याशी बोलत नव्हते. तीही नव्हती. आई दोघींच्या ताटांकडे आळीपाळीने बघायची.

रविवारी मिस्साहून आल्यावर आई आणि वहिनी ओटीवर गोधडी घेऊन बसल्या. आईची जुनी लुगडी एकावर एक घालून केलेली, इतकी जाड की मी तिला गादी म्हणायचे. मी पायरीवर बसून लसूण सोलत होते. वहिनीची सुई अडली. तिने सुई बाहेर ओढली, कानाच्या वर केसातून एकदा फिरवली आणि परत घातली. सुई सरळ पार गेली.

मी हे लहानपणापासून बघत आले आहे. आई करते, आजी करायची, चर्चच्या शिवणवर्गातली सिस्टरसुद्धा डोक्यावरच्या कापडाची कड जरा उचलून करायची. केसांना खोबरेल असतं, सुईला लागतं, सुई सरकते. यात बघण्यासारखं काही नाही म्हणूनच ते कुणी बघत नाही. माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. परत आलेल्या कड्यांत रबर फुगलं होतं ते ज्या तोंडातून पट्टी आत जाते त्या तोंडाशी. दुसरं टोक चांगलं, कारण पट्टीवरचं तेल तोंडाशीच पुसलं जाणार. आम्ही सगळे आठवडाभर हात हुंगत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कामणपर्यंतचा.

"वयनी," मी म्हटलं, "शेडमध्ये पट्टी अडली की काय करतेस?"

"जोर लावते. काय करणार?"

"केसातून फिरवतेस."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "मी? तिकडं? हातमोजे घालून बसते मी. केसांना हात लावत नाही."

"हात नाही लावत. पट्टी लावतेस."

"नाही," ती म्हणाली, आणि ती खरं बोलत होती. तिला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे, शिव. ती शिवू लागली, पण माझ्याकडे लक्ष ठेवून. सुई अडली तरी जोर लावून ढकलत राहिली, बोटाला टोचून घेतलं, पण केसांकडे हात नेला नाही. मालकांसमोर असंच झालं असणार. तेवढ्यात आईने तिला विचारलं की नाताळाला कोणाकोणाला फराळ द्यायचा आहे. वहिनी एकेका घराचं नाव घेऊ लागली. पाटलांच्या आळीतलं घर, मग विहिरीजवळचं, मग आईच्या मावसबहिणीचं. बोलता बोलता तिचा हात वर गेला. सुई केसांना टेकली आणि तिथेच थांबली.

तिने हात खाली घेतला नाही. तसाच कानाशी धरून ती माझ्याकडे बघत राहिली. आईला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "पुढं? आनखी कोन?"

"म्हंजे ती फुलपाड्याची माझ्यामुळं घरी बसली," वहिनी म्हणाली.

आधी तिला हे सुचलं. स्वतःचं नंतर सुचलं, आणि ते तिने मला संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. "ते मला काढतील. काढायलाच पायजे. सरांच्या जागी तू असतीस तर काढलं असतंस." मी म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, "पगाराचं नाही गो. बागेत केळी आहेत, आपलं चालेल. पण तिकडं मी कोणाची मेलेल्या माणसाची बायको नसते. तिकडं मी जलद असते. इकडं आल्यावर परत त्या दोन मिरच्या." मला तिची दया आली नाही. दया आलेली तिला चालली नसती. पण मला भीती वाटली, हे खरं आहे. ही बाई पुन्हा ओटीवर बसून लोकांच्या मान हलवण्याला तोंड देत म्हातारी होईल, आणि मी रोज एकटी स्कूटर काढून जाईन.

सकाळी ती शिकेकाईने डोकं धुऊन तयार होती. ओले केस घट्ट बांधून ती माझ्यामागे बसली. मी वाटेत म्हटलं, सरांना मी सांगते. ती म्हणाली, "तुझ्या तोंडून नको. तू मॅडम आहेस तिकडं."

ती मालकांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि सांगितलं. सुईचं, गोधडीचं, सगळं. मालक ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. त्यांच्या इंजिनिअरिंगमध्ये हे कुठे शिकवलं नव्हतं. मी एक कोरी पट्टी घेतली, तिचं टोक माझ्याच केसातून फिरवलं आणि टिपकागदावर दाबलं. भजी ठेवलेल्या कागदावर पडतो तसा पारदर्शक डाग पडला. मग ती पट्टी रबरात घालून गरम पेटीत ठेवली. पेटी उघडली तेव्हा रबराचं तोंड फुगलेलं होतं.

"शेडमध्ये आणखी कोण असं करतं?" मालकांनी बाहेर येऊन विचारलं. बायका आधी हसल्या. मग एकीने हात वर केला, मग दुसरीने, आणि एक वयस्कर बाई म्हणाली, "सर, न करून कसं चालेल? नाहीतर ते आत जातच नाही." जुनं रबर तेलाला भीक घालायचं नाही. म्हणून इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

मालक वहिनीला घेऊन परत आत गेले. मग तिला म्हणाले, "तुम्हाला काढणं मला सोपं आहे. पण ग्राहक विचारेल, उद्या दुसरी बाई केसातून फिरवणार नाही कशावरून?" त्यांनी सगळ्यांसाठी निळ्या कापडी टोप्या मागवल्या, कानांवरून खाली येणाऱ्या. फुलपाड्याच्या बाईला त्यांनी स्वतः फोन केला. आणि वहिनीला आधी पॅकिंगला बसवलं, आणि टोप्या आल्यावर परत टेबलाशी. "तुमचा ट्रे वेगळा राहील. मॅडम त्यातलं प्रत्येक कडं पेटीत घालून बघतील. महिनाअखेरीपर्यंत एकही फुगलं नाही तर तुम्ही इथेच. एक जरी फुगलं, तर मला दुसरा मार्ग नाही." ते हे बोलताना माझ्याकडे बघत होते.

फुलपाड्याची बाई परत आली ती फणकाऱ्यानेच. तिने आपलं स्टूल वहिनीपासून दूर ओढून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "माझ्यामुळं झालं. मला माफ कर." बाकीच्या बायका जेवायच्या थांबल्या.

"आँटी, मला घरी काय काय ऐकायला लागलं माहितीये? सासू म्हणाली, काही तरी उचललं असणार, नाहीतर असं कोण घरी बसवतं." तिने भाजीत पोळी बुडवली, खाल्ली, आणि मग म्हणाली, "ठीक आहे. झालं ते झालं. पण क्रीम मी लावणार."

"लाव," वहिनी म्हणाली. स्टूल मात्र दूरच राहिलं, पुढचे बरेच दिवस.

घरी वेगळंच सुरू झालं. भाऊ गेल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी आई वहिनीच्या डोक्याला तेल लावायची. आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. सासू-सुनेचं या दोघींचं कधी विशेष सख्य नव्हतं. भाऊ असताना तर दोघी त्याच्यामार्फतच बोलायच्या. तो गेला आणि पहिल्या शनिवारी आईने काही न बोलता वाटी आणली आणि वहिनीच्या मागे बसली. तेव्हापासून ते चालत आलं होतं. आता वहिनी म्हणाली, "आय, मला तेल नको. कामाचं आहे." आई वाटी घेऊन थोडा वेळ तशीच बसली. पुढच्या शनिवारी वहिनीने ती वाटी आईच्या हातातून घेतली आणि आईच्या मागे जाऊन बसली. आईचे पांढरे केस विरळ झाले आहेत, त्यांना तेल फार लागत नाही. वहिनी बराच वेळ लावत राहिली आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. आईने ते चालवून घेतलं, पण तिला ते आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या डोक्याला काय करायचंय आता?"

शेडमध्ये माझ्या तपासणीच्या खोलीला काच आहे, तिथून टेबलं दिसतात. मी वहिनीला बघायचे, कारण बघणं हे माझं काम होतं. पट्टी अडली की तिचा हात वर उचलला जायचा. टोपीच्या कडेपर्यंत यायचा, थांबायचा आणि परत खाली जायचा. दर वेळी. टोपी होती, त्यामुळे हात वर गेला तरी बिघडत नव्हतं, पण ती थांबवायचीच. त्या थांबण्यात तिचा सगळा वेग गेला. फुलपाड्याची बाई तिच्या पुढे गेली. मग नवीन आलेलीही गेली. मालक आता नवीन बायकांना बोट दाखवायचे ते दुसरीकडे.

"हाताकडं बघत बसलं की हात चालत नाही," वहिनी एकदा स्कूटरवर म्हणाली.

"नको बघूस. टोपी आहे."

"टोपी आहे ते मला माहीत आहे. हाताला माहीत नाही."

मी तिची कडी पेटीतून काढायचे. एकेक कडं उलटून तोंडाशी दाबून बघायचे. मला सैल तपासायची एकदाही इच्छा झाली नाही असं म्हणायला मला आवडेल आणि ते खरंही आहे, पण त्यात चांगुलपणा नव्हता. फुगलेलं कडं मी लपवलं असतं तर वहिनीनेच मला ओळखलं असतं. महिना संपला. एकही फुगलं नव्हतं. मालकांनी वहिनीचा वेगळा ट्रे उचलून सगळ्यांच्या ट्रेवर ठेवला, एवढंच केलं. ग्राहकाचा माल पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर वहिनी मला गो म्हणायला विसरली, मॅडमच म्हणाली, आणि मग दोघी हसलो.

तिचा वेग परत यायला पावसाळा उजाडला. एका दुपारी मी काचेतून बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की पट्टी अडली तरी तिचा हात वर जात नाही. जोर लावते, रबर सरकतं, पुढची पट्टी. फुलपाड्याच्या बाईचं स्टूल कधीतरी परत जवळ आलं होतं आणि दोघी मान वर न करता काहीतरी बोलत होत्या. मला आनंद झाला. मी तो कामाच्या वेळेत कुणाला दाखवला नाही.

पाऊस लागला की आईला ओटीवर गारठा वाटतो. म्हणून ती अर्धवट राहिलेली गोधडी पुन्हा बाहेर निघाली. रविवारची दुपार होती. बागेतून पाणी वाहत होतं आणि केळीची पानं वाऱ्याने फाटत होती. वहिनी शिवत होती, आई शेजारी बसून तिच्यासाठी दोरा ओवून देत होती. आईला दोरा दिसत नाही, तरी ती ओवते. सुई अडली. वहिनीने अंगठ्याने ढकलली. जात नव्हती. तिने गुडघ्याखाली गोधडी दाबली आणि परत ढकलली. अंगठ्यावर लाल वळ उठला.

"केसातून फिरव की गो," आई म्हणाली.

"नको, आय."

"का? इथं कोन बघतंय?"

"इथं फिरवली तर तिथं फिरंल," वहिनी म्हणाली. "हाताला घर नि शेड कळत नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. वहिनीचे केस कोरडे होते, भुरकट, कानाजवळ पांढरे व्हायला लागलेले. आईने हात पुढे केला आणि वहिनीच्या बोटांतून सुई काढून घेतली. आपल्या कानाच्या वर, तेल लावलेल्या पांढऱ्या केसांतून ती दोनदा फिरवली आणि परत तिच्या हातात दिली.

वहिनीने पुढचा टाका घातला. सुई गोधडीतून सरळ पार गेली. पुढच्या वेळी अडली तेव्हा तिने मान वर न करता सुई आईकडे धरली, आणि आईने ती घेतली.